बडग्याची मिशी

ताराचंद निखारे बांबू बांधायचा.
बावीस वर्षं आमच्या मंडळाचा बडग्या
त्याच्याच गाठींवर उभा राहिला,
गोळीबार चौकातून निघाला
आणि जळेपर्यंत एकदाही वाकला नाही.
ताराचंद मात्र वाकायचा,
कधी पानठेल्याच्या फळीवर, कधी नालीच्या काठावर.
पण सकाळी हात पक्का.
तेव्हा कोणी काही म्हणत नव्हतं.
तेव्हा त्याच्याकडे आमचं काम असायचं.

यंदा त्यानं सोडली.
श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी, न सांगता.
सांगितलं त्याच्या बायकोनं, नळावर,
आणि नळावरची गोष्ट
दिवेलागणीला समाजभवनात पोचली.

"किती दिवस टिकन?"
"पोळ्यावरी. लाव शंभर."
नंदनवार सरांनी पैसे लावले नाहीत,
त्यांनी फक्त वहीत आकडे लिहून घेतले.
मग जो तो ताराचंदची गळाभेट घेऊ लागला.
इतकी माया आमच्या मोहल्ल्यात
मी आधी पाहिली नव्हती.
नाक त्याच्या गालापाशी नेऊन
सगळे विचारायचे,
"बरा हायेस न बापा?"

हात थरथरायला लागले ते त्यानंतर.
कप बशीत वाजायचा,
तार पक्कडीतून निसटायची.
"पाय न," सरोदे म्हणाला, "पिऊन आला."
मला माहीत होतं, असं नसतं.
प्याल्यावर हात थांबतात,
सोडल्यावर सुटतात.
हे मला कसं माहीत, ते मी बोललो नाही.
माझ्या दुकानात टर्पेंटाइनच्या चार बाटल्या आहेत,
तिसरीला टर्पेंटाइनचा वास येत नाही.
मी बोर्ड पेंटर. अक्षर अजून सरळ येतं,
म्हणून ठरावावर माझीही सही असते.

ठराव असा, की यंदाचा विषय दारू.
गळ्यात बाटल्यांची माळ,
आणि चेहरा...
"समजून घे न बे, कोणासारखा."
मी समजून घेतलं.
रात्रभर बसून रंगवले
आत गेलेले गाल, तुटकी भुवई,
कपाळावर धोट्यानं फोडलेली ती खूण.
बोर्डही मीच लिहिला, सुबक:
"घराचा नाश, समाजाला त्रास."
यमकाबद्दल शाबासकी मिळाली.

ताराचंद आला, तेव्हा सगळ्यांना एकदम काम सुचलं.
कोणी सुतळी शोधू लागलं, कोणी मोबाइल.
तो समोर उभा राहिला, बराच वेळ,
न्हाव्याच्या आरशासमोर राहतात तसा.
मग म्हणाला, "ब्रश दे."
मी दिला.
एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून
त्यानं मिशीचं डावं टोक थोडं पांढरं केलं.
"इकडून जास्त पिकली हाये," म्हणाला,
"माही."
मानेची गाठ सैल होती,
ती दातानं तार ओढून आवळली.

तान्ह्या पोळ्याची सकाळ.
ओट्याओट्यावर पोरं, लाकडी नंदी,
रस्त्यावर डफ, गुलाल, गर्दीचा घाम,
"घेऊन जा गे मारबत!"
महागाई घेऊन जा, खोकला घेऊन जा,
आणि आमचा बडग्या डुलत चालला.
वाकला नाही.
ताराचंद मागून येत होता. तोही ओरडत होता,
इतरांइतकंच.

दुसऱ्या दिवशी तो राखेत बसलेला दिसला,
काळी तार वेचून बोटांवर गुंडाळत.
"पुढच्या साली लागन न," म्हणाला.
सरोदे माझ्या कानाशी आला:
"भंगारात देईन अन् पेईन."
मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही.
मान हलवली असावी.

दुकान उघडलं. बाटल्या पुसल्या.
तीन फळीवर ठेवल्या.
एक अजून टेबलावर आहे.
अकरा वाजलेत,
साहूंच्या भोजनालयाचा बोर्ड संध्याकाळी द्यायचा आहे,
आणि "भो"चा काना
आज तिसऱ्यांदा वाकडा आला.